ज्यांना लॅटिन येत नाही त्यांच्यासाठी

सन १६००, डिसेंबर सरत आला आहे. तुम्ही इंग्लंडच्या मध्यभागी, कॉव्हेंट्री शहराच्या वेशीतून आत शिरत आहात. शहराला जुना दगडी तट आहे आणि तटावरून तीन चर्चची तीन निमुळती शिखरं डोकावतात. इथल्या निळ्या सुताचं एके काळी देशभर नाव होतं. कितीही धुतलं तरी रंग उतरत नसे म्हणत. तो धंदा आता बसला आहे. रस्त्यात चिखल, चिखलावर बर्फाचा पापुद्रा, आणि दुपार कलते न कलते तोच अंधार. पायातले बूट ओले झाले असतील तर होऊ द्या. तुम्हाला डॉक्टर फिलेमॉन हॉलंड यांच्याकडे पोहोचायचं आहे, आणि ते अजून काही तास लिहीत बसणार आहेत.

डॉक्टर म्हणून त्यांचा जम कधी बसलाच नाही. केंब्रिजची वैद्यकाची पदवी आहे, पाच-एक वर्षांपूर्वी ते या शहरात येऊन राहिले आहेत, पण रुग्णांची रीघ काही लागत नाही. संसार मोठा; हॉलंड पती-पत्नीला एकूण सात मुलगे आणि तीन मुली. मोकळा वेळ मिळतो तो सगळा एका कामाला जातो. लॅटिन ग्रंथ एका बाजूला, कोरा कागद दुसऱ्या बाजूला, आणि मधे हंसाचं एक पीस.

त्या पिसाकडे नीट बघा, कारण पुढे त्याचीच दंतकथा होणार आहे. पंखातली मोठी पिसं निवडायची, गरम करून त्यांची नळी कडक करायची, मग लहान चाकूनं टोक तिरपं कापून मधे चीर द्यायची. शाई माजूफळ, हिराकस आणि डिंकाची. लिहिताना ती फिकी दिसते आणि वाळता वाळता काळी पडते. टोक झिजलं की पुन्हा तासायचं. खोलीत चरबीच्या मेणबत्तीचा वास कोंडला आहे. अठ्ठेचाळीस वर्षांचा हा माणूस डोळ्यांना चष्मा न लावता लिहितो आहे, आणि म्हातारपणीही त्यानं चष्मा वापरला नाही असं लोक मागाहून सांगणार आहेत.

कोपऱ्यात एक नवा, जाडजूड ग्रंथ पडला आहे. उचलून पाहा, दोन्ही हात लागतील. तो लिव्ही आहे, रोमचा इतिहासकार. रोमच्या स्थापनेपासूनचा त्याचा इतिहास, जेवढा काळाच्या तावडीतून वाचला तेवढा सगळा, प्रथमच इंग्रजीत आला आहे. याच वर्षी छापला गेला, राणी एलिझाबेथला अर्पण केलेला. एवढं काम संपवल्यावर कुणीही वर्षभर विसावा घेतला असता. हॉलंड यांच्या टेबलावर मात्र त्याहून अवघड ग्रंथ उघडा आहे: थोरल्या प्लिनीचा ‘निसर्गेतिहास’, सदतीस भागांचा. ग्रहताऱ्यांपासून मधमाश्यांपर्यंत, खाणींपासून चित्रकलेपर्यंत त्या काळी माहीत असलेलं जग त्यात कोंबलेलं आहे.

इथवर ते कसे आले, त्यासाठी थोडं मागे जाऊ. फार वेळ लागणार नाही. जन्म १५५२ चा, एसेक्समधल्या चेम्सफर्डचा. वडील धर्मोपदेशक. मेरी राणीच्या काळात त्यांना पंथभेदापायी देश सोडावा लागला होता. एलिझाबेथ गादीवर आल्यावर ते परतले. मुलगा केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला. तिथे व्याख्यान लॅटिनमध्ये, वादसभा लॅटिनमध्ये, आणि नियमाप्रमाणे एकमेकांशी बोलणंसुद्धा लॅटिनमध्ये. १५७३ मध्ये तो कॉलेजचा फेलो झाला. म्हणजे जेवणखाण, खोली आणि आयुष्यभर ग्रंथांची संगत. पण एक अट होती, लग्न करायचं नाही. १५७९ मध्ये त्यानं लग्न केलं आणि फेलोशिप सुटली. ट्रिनिटीच्या त्या दारातून तरुण हॉलंड बाहेर पडताना बघून ठेवा. जे लॅटिन कॉलेजच्या भिंतींआड मुरलं असतं ते या दारातून बाजारपेठेच्या गावात आलं.

आता परत मेणबत्तीपाशी या आणि त्यांच्या खांद्यावरून वाचा. तुम्ही मराठी आहात, म्हणून तुम्हाला एक गोष्ट चटकन जाणवेल. लॅटिन वाक्य आपल्यासारखं चालू शकतं: कर्ता आधी, मग सगळा लवाजमा, आणि क्रियापद शेवटी येऊन दार लावून घेतं. विभक्तीचे प्रत्यय शब्दालाच चिकटलेले असल्यामुळे शब्द मागेपुढे झाले तरी अर्थ ढळत नाही. इंग्रजीला ही मोकळीक नाही. तिथे क्रियापद लवकर यावं लागतं, नाहीतर कुणी कुणाला मारलं हेच कळत नाही. म्हणून हॉलंड आधी लॅटिन वाक्याचे सांधे मोकळे करतात, क्रियापद ओढून पुढे आणतात, आणि मग उरलेले तुकडे इंग्रजी बोलीत पुन्हा जोडतात. प्लिनीचं वाक्य तर आखडलेलं, अर्धवट, घाईत टिपून ठेवल्यासारखं असतं. हॉलंड ते सैल करतात. एका लॅटिन शब्दासाठी दोन-दोन इंग्रजी शब्द ठेवतात, एक पंडिताचा आणि एक बाजारातला. जिथे वाचक अडखळेल तिथे खुलासा वाक्यातच मिसळतात. घरगुती म्हणी आणतात. त्यामुळे मूळ ग्रंथापेक्षा त्यांचा अनुवाद फुगतो. आजच्या कसोटीवर यातलं पुष्कळ खोडलं जाईल, आणि अचूकपणासाठी मीही आजचाच एखादा अनुवाद हाती घेईन. पण माझ्या मनात त्यांचं स्थान त्यानं रेसभरही खाली येत नाही. समोर जो वाचक बसवून ते लिहीत होते, त्याला कळल्याशिवाय पुढे जायचं नाही हा त्यांचा नेम होता. तो वाचक कोण होता, ते पुढे सांगतो.

त्याआधी पानावर बोट ठेवा आणि आणखी खोल उतरा, पहिल्या शतकात. रोम. हीसुद्धा रात्रच आहे, आणि हाही माणूस दिव्याजवळच. सरकारी कामं उरकून प्लिनी वाचत पडला आहे; म्हणजे एक सेवक वाचून दाखवतो आहे आणि दुसरा सांगेल ते टिपतो आहे. त्याच्या भाच्यानं एका पत्रात हे सगळं लिहून ठेवलं आहे. जेवताना वाचन, स्नानानंतर अंग चोळून घेताना वाचन, प्रवासात पालखीत लेखनिक शेजारी. हिवाळ्यात त्या लेखनिकाचे हात लांब बाह्यांनी झाकलेले, म्हणजे थंडीमुळेही लिहिणं थांबू नये. दोनेक हजार ग्रंथांतून आपण वीस हजार गोष्टी वेचल्या असं प्लिनी प्रस्तावनेत सांगतो. इसवी सन ७७ मध्ये त्यानं हा ग्रंथ सम्राटपुत्र टायटसला सादर केला. दोन वर्षांनी व्हेसुव्हियसचा स्फोट झाला तेव्हा नौदलाचा प्रमुख म्हणून तो जहाजं घेऊन तिकडे गेला आणि तिथेच किनाऱ्यावर मेला.

थंडीत बाह्यांत हात लपवून लिहिणारा तो निनावी लेखनिक आणि कॉव्हेंट्रीत पीस तासणारे हॉलंड यांच्यात पंधराशेहून अधिक वर्षांचं अंतर आहे. मधे हा ग्रंथ मठांमधून नकलून नकलून आला, चुका साठवत आला, १४६९ मध्ये व्हेनिसला पहिल्यांदा छापला गेला.

सहाव्या भागाशी थांबा. तुमच्यासाठी थांबायलाच हवं. इथे प्लिनी हिंदुस्थानची वाट सांगतो. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरातून भर उन्हाळ्यात जहाजं निघतात, अरबस्तानाच्या टोकाशी पोहोचतात आणि तिथून नैर्ऋत्येचा वारा पाठीवर घेऊन चाळीस दिवसांत मलबारच्या मुझिरिसला लागतात. हा वारा तुमच्या ओळखीचा आहे. तो आपला पावसाळी वारा. मुझिरिसजवळ चाच्यांचा उपद्रव आहे असंही तो बजावतो. आणि त्याच ओघात एका बंदराचं नाव येतं, सिगेरस. अनेक अभ्यासक ते कोकण किनाऱ्यावर ठेवतात, कुणी जयगडकडे बोट दाखवतं. नेमकी जागा कुठलीही असो, आपल्या खाड्यांपैकी एखादीचं नाव रोमच्या कारकुनी कानावर जसं पडलं तसं या पानात बसलं आहे, आणि आज रात्री ते प्रथमच इंग्रजीत उतरतं आहे असं समजा.

लगेच हिशेब येतो. दर वर्षी हिंदुस्थान रोमच्या साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्सपेक्षा कमी ओढून घेत नाही, आणि तिथला माल इथे शंभरपट भावानं विकला जातो, असं प्लिनी कुरकुरत सांगतो. बाराव्या भागात मिऱ्यांचा भाव दिला आहे: काळी मिरी पौंडाला चार दिनार, पांढरी सात, लांब मिरी पंधरा. एका तिखटपणापायी लोक हिंदुस्थान गाठतात याचं त्याला नवल वाटतं.

आता तारीख आठवा. ३१ डिसेंबर १६०० ला लंडनमध्ये एलिझाबेथ राणी व्यापाऱ्यांच्या एका मंडळाला सनद देते. ते मंडळ म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी. फेब्रुवारी १६०१ मध्ये तिची पहिली जहाजं मिऱ्यांसाठी निघतात, आणि त्याच १६०१ सालात हॉलंड यांचा प्लिनी छापून बाहेर पडतो. एकामुळे दुसरं झालं असा दावा मी करणार नाही. कंपनीच्या व्यापाऱ्यांचं लक्ष पोर्तुगीज आणि डच यांच्या ताज्या नफ्यावर होतं. पण एक इंग्रज दुकानदार, ज्याला लॅटिनचं एक अक्षर येत नाही, तो या साली हिंदुस्थानचा मार्ग, वारा, मिऱ्यांचा भाव आणि किनाऱ्यावरच्या बंदरांची नावं आपल्या भाषेत वाचू शकतो. त्या खोलीत बसलेल्या तुम्हाला पुढचा सगळा इतिहास माहीत आहे. हॉलंड यांना नाही. त्यांना पुढच्या वाक्याचं क्रियापद शोधायचं आहे.

आणि हे सगळं कुणासाठी? प्लिनीच्या सुरुवातीला त्यांनी वाचकांना उद्देशून जे लिहिलं आहे ते याचं उत्तर आहे, आणि मला ते त्यांच्या हजारो पानांतलं सर्वांत मोलाचं वाटतं. त्या वेळी विद्वानांत एक कुरकुर चालू होती. असे ग्रंथ सामान्य भाषेत आणायचेच कशाला? ज्ञान स्वस्त होईल, अडाण्याच्या हाती पडेल, विद्येची प्रतिष्ठा जाईल. हॉलंड हे बोलणं मनाला लावून घेतात आणि सरळ उत्तर देतात. हा ग्रंथ गावाकडच्या शेतकऱ्याच्या कामाचा आहे, शहरातल्या कष्टकरी कारागिराच्या कामाचा आहे, स्त्री-पुरुष-मुलं सगळ्यांच्या प्रकृतीच्या कामाचा आहे. मग तो त्यांच्यापासून का लपवायचा? सुतार, गवंडी, सोनार, रंगारी, जडावकाम करणारा, सगळ्यांना यातलं काही ना काही हवं आहे. आणखी एक ठसकेबाज विचार ते मांडतात: रोमनांनी कधी काळी तलवारीनं हे बेट जिंकलं, तर आता आपण लेखणीनं त्यांचं साहित्य जिंकून त्याची परतफेड करू.

विरोधकांना द्यायला एक दाखला तर प्लिनीच्याच पानांत होता. कार्थेज पडल्यावर तिथली ग्रंथसंपत्ती रोमनांनी इतरांना वाटून टाकली. मागो नावाच्या कार्थेजियन लेखकाचे शेतीवरचे अठ्ठावीस ग्रंथ मात्र ठेवून घेतले आणि लॅटिनमध्ये उतरवण्याचा हुकूम खुद्द सिनेटनं दिला. शत्रूची भाषा, शत्रूचा ग्रंथ, आणि तरी अनुवाद. कारण त्यात नांगराच्या कामाचं काही होतं.

हा वाद तुम्हाला नवा नाही. आळंदी आणि पैठण यांच्या कथा ऐकत वाढलेल्या माणसाला तो कसा नवा वाटेल? लिव्ही छापला गेला त्याच्या आदल्याच वर्षी, १५९९ मध्ये, एकनाथांनी देह ठेवला होता. संस्कृतातलं भागवत मराठीत आणण्यात त्यांनी आपली उमेद खर्ची घातली होती. आणि हॉलंड प्लिनीवर झुकलेले असताना त्यांच्याच वयाचा एक इंग्रज गोव्यात होता. थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये, हॉलंड यांची फेलोशिप सुटली त्याच साली, जेझुइट धर्मप्रसारक म्हणून गोव्याला उतरला. लॅटिन बायबलावर पोसलेला हा माणूस मराठी शिकला आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ त्यानं रचलं. ते १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. दोघांचे हेतू वेगळे होते. एकाला आपला धर्म पसरवायचा होता, दुसऱ्याला आपल्या शेजाऱ्याला शहाणं करायचं होतं. पण लॅटिनची कुंपणं ओलांडून लोकांच्या बोलीत यायला हवं, एवढ्यापुरते दोघे दोन समुद्रांवर एकाच कामाला लागलेले होते.

चला लंडनला. १६०१, ॲडम इस्लिप यांचा छापखाना. जुळारी खिळ्यांच्या घरासमोर उभा आहे, डाव्या हातात जुळणीपट्टी, आणि हॉलंड यांच्या हस्तलिखितातली ओळ तो उलट्या अक्षरांत उभी करतो आहे. शाई लावणारा कातडी गोळे खिळ्यांवर थापटतो, दुसरा दांडा ओढतो, कागद दबतो, निघतो, दोरीवर वाळायला जातो. दोन खंड आहेत, पानं मोठ्या आकाराची. शेवटी विषयांची सूची आहे. वैद्यकातले आणि धंद्यातले अवघड शब्द समजावणारी यादीही हॉलंड यांनी जोडली आहे. ती यादी पाहिली की मला खात्री पटते की शेतकरी-कारागिरांचं ते बोलणं तोंडदेखलं नव्हतं. विद्वानासाठी लिहिणारा माणूस असली यादी करण्यात वेळ घालवत नाही. अर्थात एवढा ग्रंथ विकत घेणं गवंड्याच्या आवाक्यातलं नव्हतं. पण मोठ्यानं वाचून दाखवण्याचा तो काळ होता, आणि एका प्रतीचे कान पुष्कळ असत. ‘ऑथेल्लो’मध्ये काळ्या समुद्राच्या कधी न परतणाऱ्या प्रवाहाची जी उपमा येते ती शेक्सपिअरनं हॉलंड यांच्या प्लिनीतूनच घेतली असं अभ्यासक मानतात.

पुढची दहा वर्षं भरभर ओलांडा. १६०३ मध्ये प्लूटार्कचे नीतिपर निबंध. हे मूळचे ग्रीक, आणि ते सगळे एकाच पिसानं लिहून काढले, मग ते पीस एका बाईंनी चांदीत मढवून जपलं, अशी आख्यायिका पुढे थॉमस फुलरनं नोंदवली. १६०६ मध्ये सुएटोनियस, बारा सीझरांची चरित्रं. १६०९ मध्ये अम्मिआनुस मार्सेलिनुसचा रोमन इतिहास, कॉव्हेंट्रीच्या महापौर आणि नगरसभेला अर्पण. छपाईसाठी नगरसभेनं चार पौंड दिले. १६१० मध्ये विल्यम कॅमडेनचा ‘ब्रिटानिया’. या शेवटच्या पुस्तकापाशी क्षणभर थांबण्यासारखं आहे. इंग्लंडच्या गावागावांचं वर्णन एका इंग्रजानं केलं होतं, तेही लॅटिनमध्ये. आपल्याच गावाबद्दल काय लिहिलंय ते गावकऱ्याला वाचता येत नव्हतं. हॉलंड यांनी, हयात असलेल्या लेखकाच्या मदतीनं, ते गावकऱ्याच्या हाती दिलं.

दरम्यान पोट भरायला त्यांनी शाळेत दुय्यम शिक्षकाची नोकरी धरली आहे. १६०८ नंतरच्या एखाद्या सकाळी तिथे डोकावा. जुन्या धर्मशाळेच्या दगडी इमारतीत शाळा भरते. मठातून आणलेल्या लाकडी कोरीव आसनांवर मुलं बसली आहेत आणि लॅटिनची रूपं घोकताहेत. युरोपातल्या मोठमोठ्या ग्रंथांशी झुंज घेतलेला माणूस पोरांकडून विभक्ती पाठ करून घेतो आहे. यात त्यांना कमीपणा वाटला असेल असं मला वाटत नाही. लॅटिनचं दार उघडायचे दोन मार्ग होते, आणि ते दोन्ही धरून होते. १६१७ च्या सप्टेंबरमध्ये राजा जेम्स कॉव्हेंट्रीला आला, तेव्हा शहराच्या वतीनं भाषण करायला काळ्या सॅटिनच्या पोशाखात हॉलंड उभे राहिले. १६२८ मध्ये ते मुख्याध्यापक झाले, शहात्तराव्या वर्षी, आणि दहा महिन्यांत ते पद सुटलं.

मग १६३२. वयानं थकलेले, मिळकत आटलेली, म्हणून नगरसभेनं त्यांना वर्षाला तीन पौंड सहा शिलिंग आठ पेन्स असं मानधन तीन वर्षांसाठी मंजूर केलं. १६३४ च्या सुमारास लंडनमध्ये त्यांच्या प्लिनीची दुसरी आवृत्ती निघाली. तेहतीस वर्षांनी एवढा अवाढव्य ग्रंथ पुन्हा छापावासा वाटतो म्हणजे त्याला गिऱ्हाईक आहे. पण त्या काळच्या कायद्यात पुस्तकावर लिहिणाऱ्याचा हक्क नाही. हक्क नोंदवला जातो तो छापणाऱ्या-विकणाऱ्यांच्या संघाच्या वहीत, आणि हे बदलणारा कायदा १७१० पर्यंत यायचा नाही. शब्द ज्याचे, त्याच्या घरी चूल पेटते की नाही हे त्या वहीत कुठे लिहिलेलं नसतं. मला याचा आजही राग येतो.

१६३५ मध्ये केंब्रिजच्या कुलगुरूंनी एक परवानगीपत्र दिलं. वृद्ध डॉक्टर हॉलंड यांच्यासाठी कॉलेजाकॉलेजांतून मदत गोळा करायला हरकत नाही, असा त्याचा आशय. ते आता त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. ९ फेब्रुवारी १६३७ ला ते जातील आणि कॉव्हेंट्रीच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये त्यांना पुरतील. त्याआधीचं जवळजवळ वर्षभर ते अंथरुणालाच खिळलेले असणार आहेत. म्हणून ते पत्र तुम्ही घ्या. केंब्रिजला जा. ज्या कॉलेजनं लग्न केल्याबद्दल त्यांना बाहेर काढलं होतं त्या ट्रिनिटीपासून सुरुवात करा, आणि लिव्ही, प्लिनी, सुएटोनियस, कॅमडेन यांची नावं सांगून पैसे मागा. कचरू नका. मागण्याचा अधिकार आहे तुम्हाला.